निधर्मी राज्य आणि मुसलमान सत्यशोधक



गोदाकाठच्या या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. मी विद्वान नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि वाचनालयाच्या बाकावर. गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो आहे. तेव्हा आजचा विषय मी पंडिताच्या अंगाने मांडणार नाही, संघटनेच्या कार्यकर्त्याला तो जसा दिसतो तसा मांडणार आहे.

लोकशाहीत धर्म आणि राज्य यांची फारकत असली पाहिजे, ही मागणी आपल्या महाराष्ट्रात मुसलमान समाजातून कोणी केली, कशी केली आणि तिचे पुढे काय झाले, हा तो विषय. तो ऐकल्यावर आमचे काही स्नेही म्हणाले, "अशी मागणी मुसलमान करतात की काय?" हा प्रश्न दोन प्रकारचे लोक विचारतात. मुसलमान समाजाविषयी ज्यांच्या मनात अढी आहे असे काही हिंदू तो विचारतात. आणि मुसलमानांचे पुढारीपण ज्यांनी आपल्याकडे घेतले आहे असे काही मौलवी व राजकारणीही तोच विचारतात. दोघांचे एरवी पटत नाही. पण मुसलमान माणूस आधी नागरिक असू शकत नाही, या एका मुद्द्यावर मात्र त्यांचे एकमत होते. हे एकमत खोटे आहे, एवढे आज मला दाखवायचे आहे.

प्रथम शब्दाचा घोळ मिटवू. 'निधर्मी राज्य' म्हटले की लोकांना वाटते, धर्म बुडवणारे राज्य. 'सर्वधर्मसमभाव' म्हटले की वाटते, सरकारने सर्व धर्मांना सारखे वाटप करावे. अभ्यासक मंडळी 'इहवाद' म्हणतात. घटनेच्या उद्देशिकेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द आला. शब्द कोणताही घ्या, अर्थ मी तुम्हाला साप्ताहिक सुटीच्या उदाहरणाने सांगतो.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी कामगाराला हक्काची साप्ताहिक सुटी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून मागणीपत्र तयार केले. त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. पुढे सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. लोखंड्यांनी रविवार मागितला, आणि रविवार हा तर खंडोबाचा वार. पण सुटी मिळाली ती खंडोबाच्या भक्तांना नव्हे, सगळ्या कामगारांना मिळाली. पुढे स्वतंत्र भारतात कारखाना कायदा झाला. सात दिवसांत एक दिवस विश्रांती हा कामगाराचा हक्क ठरला. आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, कारण तिथला बहुसंख्य विणकर जुम्म्याची नमाज पढतो. दुसरीकडे ते रविवारी बंद असतील. विश्रांतीचा हक्क सर्वांना सारखा आहे. सुटीच्या दिवशी नमाज पढायची, जेजुरीला जायचे की घरी झोप काढायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. त्यात सरकारने पडायचे नाही. आणि नमाज पढणारा अथवा जेजुरीला जाणारा कोणी म्हणाला की, 'आमच्या धर्मात विश्रांती सांगितलेली नाही, तेव्हा आमच्या माणसांना सुटी देऊ नका', तर तेही ऐकायचे नाही. धर्म आणि राज्य यांची फारकत म्हणतात ती हीच.

ही गोष्ट कारखान्यात आम्ही केव्हाच पचवली आहे. १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा घ्या, १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा घ्या, १९६१ चा प्रसूतिलाभाचा घ्या. कामगाराचा धर्म पाहून त्यांतली रक्कम कमीजास्त होत नव्हती. आता त्यांच्या जागी संहिता आल्या आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण आहे, पण ते वेगळ्या कारणासाठी. फौजदारी कायदा तर १८६० पासून सर्वांना एक आहे. चोरी केली तर हिंदू चोराला एक शिक्षा आणि मुसलमान चोराला दुसरी, असे कोणी मागत नाही. फरक सुरू होतो तो घराचा उंबरठा ओलांडल्यावर. लग्न, घटस्फोट, वारसा या बाबतींत मात्र माणूस नागरिक राहत नाही, तो आपापल्या धर्माचा होतो. आणि त्याची झळ लागते ती बाईला.

याचा एक अनुभव सांगतो. यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरणारी एक बाई आमच्या कार्यालयात आली. मालकाने तिची तीन महिन्यांची मजुरी थकवली होती आणि त्याच सुमारास नवऱ्याने तीनदा तलाक म्हणून तिला मुलांसह घराबाहेर काढले होते. मजुरीचा दावा आम्ही चालवला. वेळ लागला, पण पैसे मिळाले, कारण तिथे ती कामगार होती आणि कायदा तिच्या बाजूने बोलत होता. घराच्या बाबतीत मात्र तिला सल्ला मिळाला तो असा की, समाजाच्या बैठकीपुढे जा. त्या बैठकीत एकही बाई नव्हती. बाई तीच, गावही तेच. कारखान्यात तिला देशाचा कायदा होता आणि घरी नव्हता. धर्म आणि राज्य यांच्या फारकतीची गरज कुणाला आहे, हे त्या दिवशी मला कोणत्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट दिसले.

आता इतिहासाकडे वळू. ही मागणी मुसलमानांनी केलीच नाही, असे म्हणणाऱ्यांनी घटना समितीची कामकाजपत्रे उघडावीत. समान नागरी कायद्याच्या कलमाला काही मुसलमान सभासदांनी कसून विरोध केला, हे खरे आहे. पण त्याच सभागृहात बिहारचे तजम्मुल हुसेन होते. धर्म ही ज्याच्या त्याच्या मनातली खाजगी बाब आहे, असे सांगून त्यांनी डिसेंबर १९४८ मध्ये तशा दुरुस्त्या मांडल्या. त्यांची मजल अशी की, माणसाचा धर्म ओळखू येईल असे चिन्ह किंवा पोशाखही कोणी वापरू नये. सभागृहाने ते स्वीकारले नाही, आणि माझ्या मते योग्यच केले. कोणी काय नेसावे हे सरकारने सांगू नये. त्याच सभागृहात बेगम ऐजाज रसूल होत्या. मुसलमानांना वेगळे मतदारसंघ आणि राखीव जागा नकोत, त्यांनी मुसलमान वेगळा पडतो, अशी भूमिका या बाईंनी घेतली. दोघेही मुसलमान होते आणि दोघेही लोकशाहीतील नागरिकत्वाच्या बाजूने बोलत होते.

त्या वेळी आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते एम. सी. छागला. मुंबई राज्याने १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी केली होती. ती फक्त हिंदूंना का, असा वाद १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्यापुढे आला. त्यांनी कायदा वैध ठरवला. विधिमंडळाने सुधारणा टप्प्याटप्प्याने केली तर त्यात गैर नाही, असे त्यांचे मत पडले. पण धर्माधिष्ठित व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीला लावता येत नाहीत, असेही त्या निकालात म्हटले गेले. हे दुसरे मत पुढे फार महाग पडले. सुधारणेचा पहिला टप्पा झाला. मुसलमान स्त्रीचा टप्पा मात्र कोणत्याच सरकारला आठवेना.

तो आठवून देण्याचे काम कोकणातल्या एका तरुणाने केले. हमीद दलवाई हे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. जन्म १९३२ चा. राष्ट्र सेवा दलात वाढले, समाजवादी चळवळीत वावरले, आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'त वार्ताहर होते. 'लाट' आणि 'इंधन' लिहिणारे हे कथा-कादंबरीकार मराठीतच विचार करीत आणि मराठीतच भांडत. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधिमंडळावर एक मोर्चा नेला. त्या मोर्चात सात मुसलमान स्त्रिया होत्या. त्यांत त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाबाई होत्या. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा करा, अशा मागण्या होत्या. पुष्कळांनी त्यांना हसण्यावारी नेले.

सात माणसांचा मोर्चा म्हणजे काय, हे आम्हा संघटनेच्या लोकांना चांगले कळते. हजाराच्या मोर्चात चालायला धैर्य लागत नाही. पण सातांच्या मोर्चात प्रत्येकाचा चेहरा दिसतो, नाव कळते, घर कळते. संध्याकाळी त्याच मोहल्ल्यात परत जायचे असते. त्या सात स्त्रियांच्या मागे ना पक्ष होता, ना पैसा, ना जमात.

पुढे १९६८ मध्ये प्रा. अ. भि. शहा यांच्याबरोबर इंडियन सेक्युलर सोसायटी निघाली, आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. नाव पाहा. १८७३ साली फुल्यांनी स्थापलेल्या सत्यशोधक समाजाचे नाव दलवाईंनी घेतले. ज्या फुल्यांनी महंमद पैगंबरांवर काव्य लिहिले आणि एकाच घरात नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांनी निरनिराळे धर्म पाळूनही प्रेमाने नांदावे असे चित्र रंगवले, त्यांचा वारसा एका मुसलमानाने उचलला. दलवाईंना बाहेरून काही आणावे लागले नाही. महाराष्ट्राच्या मातीत हे बी होतेच.

दलवाई स्वतः नास्तिक होते आणि ते त्यांनी लपवले नाही. पण तुम्हीही नास्तिक व्हा, अशी अट त्यांनी मंडळाच्या दारावर लावली नव्हती. नमाज पढणारा, रोजे धरणारा माणूसही मंडळात येऊ शके. मागणी एवढीच की, धर्म माणसाने आपल्या अंतःकरणात आणि प्रार्थनास्थळात पाळावा, कायदेमंडळात नेऊ नये. ३ मे १९७७ रोजी, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी न करता त्यांच्या देहावर मुंबईत विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. मेहरुन्निसाबाई त्यांच्यानंतर चाळीस वर्षे जगल्या आणि काम करीत राहिल्या. पुण्याचे सय्यदभाई हे मंडळाचे दुसरे खंदे कार्यकर्ते. बहिणीला मिळालेल्या तलाकने ते या कामात ओढले गेले. आपल्या आत्मकथनाला त्यांनी 'दगडावरची पेरणी' असे नाव दिले, आणि ती पेरणी २०२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडली नाही.

आता त्या दगडावर काय उगवले ते पाहू. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंदूरच्या शाहबानोच्या खटल्यात निकाल दिला की, घटस्फोटित मुसलमान स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मिळेल. तिची वाढवून मिळालेली पोटगी महिना १७९ रुपये २० पैसे. एवढ्या रकमेने धर्म धोक्यात आला, असे सांगत मोठमोठे मोर्चे निघाले. त्याच वर्षी मुस्लिम सत्यशोधक मंडळाने तलाकमुक्ती मोर्चा काढला. कोल्हापुरातून निघून नागपूरकडे जाणाऱ्या या मोर्चाला वाटेत काही ठिकाणी कडवा विरोध झाला. दिल्लीचे सरकार मोठ्या मोर्चांपुढे वाकले. १९८६ मध्ये नवा कायदा करून त्या निकालाची धार बोथट करण्यात आली. आरिफ मोहम्मद खान यांनी त्यावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

निधर्मी म्हणवणाऱ्या सरकारने असे केले याचा अर्थ आपण ध्यानात घेतला पाहिजे. मुसलमानांना काय हवे, हे विचारताना सरकारने मौलवींना विचारले, शाहबानोला विचारले नाही. कारखान्यात मालकाने कामगारांना डावलून आपल्या मर्जीतल्या माणसाशी करार करावा, तसा हा करार होता. राज्य धर्माशी व्यवहार करू लागले की धर्माचा मुखत्यार कोण, हा प्रश्न येतो, आणि ते मुखत्यारपत्र दुबळ्याच्या हातात कधीच नसते.

पाकिस्तानने १९६१ साली वटहुकूम काढून असा नियम केला की, नवऱ्याने तलाकची लेखी सूचना अधिकाऱ्याला दिली पाहिजे आणि नव्वद दिवस गेल्याशिवाय तलाक अमलात येणार नाही. ट्युनिशियाने १९५६ सालीच बहुपत्नीत्व बंद केले. आणि आपल्याकडे एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, तोही तीन विरुद्ध दोन मतांनी. त्या खटल्यात शायराबानो होत्या, मुसलमान स्त्रियांच्या संघटना होत्या. सात स्त्रियांच्या मोर्चापासून एक्कावन्न वर्षे लागली. १० जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने सांगितले की, कलम १२५ चा आधार मुसलमान घटस्फोटितेलाही आहे. शाहबानो जिथे उभी होती तिथेच आपण एकोणचाळीस वर्षांनी परत आलो.

येथे मला एक आक्षेप घ्यावासा वाटतो. २०१९ च्या कायद्याने तिहेरी तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. सुधारकांतही त्यावर मतभेद आहेत. तुरुंगात गेलेला मजूर पोटगी कोठून देणार? त्या बाईला नवरा कोठडीत नको आहे. तिला घर, भाकर आणि मुलांची शाळा हवी आहे. सुधारणा करणाऱ्याने आधी तिला विचारावे. समान नागरी कायद्याचेही तसेच. २०२५ च्या जानेवारीत उत्तराखंडात तो अमलात आला, इतर राज्यांतही बोलणी चालू आहेत. हा शब्द काही लोक असा उच्चारतात की जणू मुसलमानाला धडा शिकवायचा आहे. दलवाईंची मागणी ती नव्हती. त्यांनी आपल्या समाजातील जमातवाद्यांना जसे झोडपले, तसे हिंदू पुनरुज्जीवनवाद्यांनाही सोडले नाही. दोन मागण्यांचे शब्द सारखे असले म्हणून हेतू सारखे होत नाहीत. हेतू ओळखायची माझी कसोटी सोपी आहे: मागणारा माणूस तोच नियम स्वतःच्या धर्माला लावायला तयार आहे काय?

ही कसोटी आता आपण नाशिककर स्वतःला लावू. २ मार्च १९३० रोजी याच शहरात काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दार वर्षानुवर्षे बंद राहिले. पुढे १९४७ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने मंदिरप्रवेशाचा हक्क दिला. धर्मात राज्याने हात घालू नये, असे तेव्हाही म्हटले गेले होते. २०१६ साली हाजी अली दर्ग्याच्या आतल्या भागात स्त्रियांना प्रवेश द्यावा, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला, तेव्हाही तेच म्हटले गेले. ती याचिका मुसलमान स्त्रियांनीच केली होती. ज्याला काळारामाचा निर्णय पटतो त्याला हाजी अलीचा पटला पाहिजे, आणि ज्याला हाजी अलीचा पटतो त्याने काळारामाचे सत्याग्रही विसरू नयेत.

आणि सिंहस्थ. दर बारा वर्षांनी लाखो यात्रेकरू आपल्या गावात येतात. सरकारने त्यांच्यासाठी पाणी, शौचकूप, दवाखाने, रस्ते करावेत काय? जरूर करावेत, तो त्यांचा नागरिक म्हणून हक्क आहे. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत तीसहून अधिक माणसे मेली. गर्दी आवरणे हे राज्याचेच काम आहे. पण स्नानाने पुण्य लागते असा प्रचार करणे, मंत्र्याने पदाच्या अधिकारात पूजेला बसणे, हे राज्याचे काम नाही. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर द्यायला कोणाला भाग पाडता येणार नाही, असे घटनेचे सत्ताविसावे कलम सांगते. घाटाची पायरी धुणारा सफाई कामगार बौद्ध असेल, मांडवाला वीज जोडणारा मुसलमान असेल. राज्य त्यांचेही आहे. हे आपण मान्य केले तरच मालेगावच्या मौलवीला 'धर्म कायद्यात आणू नका' म्हणायचा अधिकार आपल्याला राहतो.

शेवटचा आक्षेप असा असतो की, हे सुधारक मूठभर आहेत, समाज त्यांच्यामागे नाही. मंडळी, लोखंडे १८८४ साली मूठभरच होते. संघटना उभी करताना पहिल्या महिन्यात पावतीपुस्तकाची पाच पानेसुद्धा फाटत नाहीत, हे मी अनेकदा पाहिले आहे. प्रश्न संख्येचा नसतो, मागणी न्याय्य आहे की नाही याचा असतो. मूठभरांना एकटे पाडले तर मात्र ते मूठभरच राहतात. दलवाईंना आपल्या समाजाने दूर लोटले, आणि पुष्कळ पुरोगाम्यांनी 'आता ही वेळ नव्हे' म्हणून त्यांच्यापासून अंतर राखले. ते आपण यापुढे करू नये.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. तुमच्या वस्तीत, तुमच्या कारखान्यात एखादी मुसलमान बाई पोटगीसाठी, वारशासाठी झगडत असेल, तर तिला वकील गाठून द्या, तारखेला तिच्याबरोबर न्यायालयात जा. तिच्या धर्माविषयी तिला व्याख्यान देऊ नका. आणि आपल्या घरात बहिणीचा वाटा हक्कसोड करून घेतला असेल, तर आधी तो तिला परत द्या. दलवाईंनी सुरुवात आपल्या घरापासून, आपल्या समाजापासून केली होती. आपणही तिथूनच करावी.

माझे बोलणे कामगार सभेतल्यासारखे झाले असेल.